आकाशातून पडलेला सरवा

"रान माझं, दगड माझा!" पाटील ओरडत होता. समोर गंगाबाई पदराची गाठ मुठीत धरून उभी. मी सरकारी भूगर्भतज्ज्ञ, बिदरहून जीपनं भालकीजवळच्या मेहकर गावी आलेलो. दगड ताब्यात घ्या, एवढीच मला ऑर्डर होती.

हा दगड आकाशातून पडलेला. आम्ही त्याला अशनी म्हणतो. वरून काळा, जळकट. आत लोखंडाचे कण. ज्वारी काढून झाली होती. गंगाबाई आणि आणखी पाच बायका सरवा वेचत होत्या, म्हणजे कापणीनंतर रानात पडून राहिलेली कणसं. दणका झाला, दगड पुढ्यात पडला. त्यांनी तो फोडला, सहा वाटे घातले आणि आपापल्या पदरात बांधले.

मी कपाळावर हात मारला. "बाई, फोडला कशाला?"

"सरवा हाय की साहेब. मालकाचं खळ्यावर गेलं. खाली पडल्यालं वेचनारणीचं. आजवर पाटलानं बी कधी अडीवलं न्हाई."

पाटलाला मान हलवावी लागली. ते खरंच होतं.

"अभ्यासाला द्या," मी म्हणालो. "शोधणाऱ्यांची नावं रिपोर्टात जातात. सहाही जणींची लिहितो."

"आमचं नाव कुटं बी लिवल्यालं न्हाई. लिवताव नव्हं?"

"लिहितो." गाठी सुटल्या.

ऑफिसात माझ्या वरच्या साहेबानं रिपोर्टातली सहाही नावं लाल पेनानं खोडली.

"जमीन कोणाची?"

"पाटलाची. पण दगड पडला तेव्हा तो भालकीच्या बाजारात होता, साहेब!"

"फॉर्मात मालकाचा रकाना आहे. सरव्याचा आहे का? पाटलाचं नाव घाला नि सही करा."

मी केली. साहेबापेक्षा त्या सहीचा संताप मला आजही जास्त येतो.

पुढं साहेबानं कॉलेजात भाषण ठोकलं. ग्रहांवरची खनिजं अमेरिकेसारखी कंपन्यांनी काढावीत की रशियासारखी सरकारनं? कोणीही काढोत, ती साऱ्या मानवजातीची! हातात आमच्याच दगडाचा तुकडा नाचवत होता. टाळ्या पडल्या. माझं डोकं फिरलं, मी उठून बाहेर आलो.

मेहकरला जाऊन खरं सांगितलं. गंगाबाईनं वर आभाळाकडं बघितलं. मग म्हणाली, "चंद्रावर बी मानसं जायलीत म्हनं. तितं अगुदर पाटील धाडलाव का?"

परग्रहावरच्या खाणींबद्दल कोणी उत्साहानं बोलायला लागलं, की मी म्हणतो, आधी फॉर्म दाखवा. वेचणाऱ्याचा रकाना नसेल, तर तिथं कंपनी गेली काय नि सरकार गेलं काय, सारखंच.