छत्रीच्या कापडाची सॅक

गोदेला पूर आला की नाशिककर आधी दुतोंड्या मारुतीकडे बघतात. पात्रात उभ्या त्या उंच मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं तर पूर मोठा. त्याच्या आतलं सगळं चहा पीत बघण्यासारखं. गोजराबाईंचाही हाच हिशेब. पण त्यांची गल्ली नाल्याच्या तोंडाशी, आणि नाल्याला मारुतीशी काय देणंघेणं? गेल्या पावसाळ्यात मारुतीचे नुसते गुडघे भिजले होते, तेवढ्यात पाणी मागच्या दाराने घरात शिरलं.

मुलगा शेखर ट्रकवर, सदा बाहेरगावी. घरात गोजराबाई आणि ब्लाउज शिवणारी सून साक्षी. त्या दिवशी साक्षीने आधी शिलाई मशीन उचलून वरच्या रस्त्यावर नेलं, कारण घर त्यावरच चालतं. परत आली तेव्हा गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाई खिडकीचा गज धरून खाटेवर बसल्या होत्या, पाणी खाटेला टेकलं होतं, आणि त्या "साक्षे, साक्षे" म्हणून हाका मारत होत्या. शेजाऱ्यांनी बाहेर काढलं म्हणून निभावलं. त्या हाका साक्षीच्या कानातून अजून गेलेल्या नाहीत.

यंदा तिने कंबर कसली. घर सोडताना न्यायची सॅक तयार हवी, आणि ती हलकी हवी. गंगापूर रोडवरच्या ट्रेकिंगच्या दुकानात तिने एकूण एक सॅक हाताळली, शिवणी उलटून पाहिल्या आणि काही न घेता बाहेर पडली. दुकानदाराने मनात काय म्हटलं असेल ते असो. घरी येऊन तिने मोडक्या छत्र्यांच्या कापडाची सॅक शिवली. पांघरायला गोधडीऐवजी जुनी सुती साडी घेतली, स्टीलची बाटली काढून प्लास्टिकची ठेवली. गोळ्यांची खोकी फेकून नुसत्या पट्ट्या भरल्या. वर राजगिऱ्याचे लाडू आणि बोटाएवढा टॉर्च.

"माझा पानाचा डबा?" गोजराबाईंनी विचारलं.

"पितळेचा आहे, आई. जड होईल."

"माहेरचा हाय तो. तुला माझं समदंच जड व्हतं!"

साक्षी वाद घालत बसली नाही. रविवारी सराव म्हणून तिने सॅक छातीवर अडकवली आणि खाटेसमोर पाठमोरी उकिडवी बसली.

"बसा."

"कुठं?"

"पाठीवर. या वेळी आधी तुम्ही."

"आन मशीन?"

"मशीन राहील."

गोजराबाई खाटेच्या कडेला सरकल्या. त्यांनी सुनेच्या गळ्यात हात टाकले. साक्षी दात आवळून उठली, चार पावलं गेली आणि दारातच लटपटली. कसंबसं त्यांना खाटेवर टेकवून तिने सॅक उघडली, तर साडीच्या घडीत पितळी डबा!

ती काही बोलायच्या आत गोजराबाईंनी तो हातातून घेतला. एक सुपारी पदराच्या गाठीला बांधली आणि डबा खाटेखाली सरकवला.

"वाक आता," त्या म्हणाल्या. "वरच्या रस्त्यापोतर नेऊन दाव."