दोन चमचे, तेवढंच पाणी

सासूबाईंशी खोटं बोलायची मला सवय आहे आणि त्याचं फारसं काही वाटत नसे. अगदी किरकोळ खोटं. एकादशीला ऑफिसात केक खाऊन यायचं आणि घरी पोट बिघडलंय म्हणायचं, त्यातलं. त्या नागपूरहून आमच्याकडे कॅनडात, व्हिटबीला यायच्या झाल्या की नवऱ्याचे बिअरचे कॅन बेसमेंटमधून गराजमध्ये, विंटर टायर्सच्या मागे जातात. चौदा वर्षं हे असंच चाललंय. सासूबाईंच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, तेव्हा आमच्याही घरात तो येत नाही, असा सगळ्यांचा समज करून दिलेला बरा.

यंदा बर्फ बघायचा म्हणून त्या भर थंडीत आल्या. बर्फ दोन दिवसांत बघून झाला. मग घर तापवणाऱ्या फर्नेसच्या कोरड्या हवेनं त्यांना खोकला धरला, झोप उडाली, आणि सोबत आणलेली द्राक्षासवाची बाटली फेब्रुवारीतच संपली. द्राक्षासव हा त्यांचा सगळ्यांवरचा इलाज. दोन्ही वेळा जेवणानंतर दोन चमचे, त्यात तेवढंच पाणी, आणि ते घेताना कुणी बोलायचं नाही.

मार्चच्या शेवटी बर्फ वितळला आणि शेजारच्या आजोबांच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. आजोबा मूळचे पोर्तुगालचे, आयुष्यभर गवंडीकाम केलेले, बायको गेल्यापासून एकटेच राहतात. आमच्या ड्राइव्हवेच्या कडेचा बर्फ ते न सांगता फावड्यानं काढतात आणि आभार मानले की वैतागतात. पाणी शिरलं त्या दुपारी ते एक बाटली तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत धरून आमच्या दारात उभे राहिले.

ती पोर्ट वाइन होती. एकाच वर्षाच्या द्राक्षांची, आणि ते वर्ष त्यांच्या मुलीच्या जन्माचं. तीस वर्षांहून जास्त काळ ती लाकडी पिंपात होती, म्हणून मूळचा लाल रंग जाऊन तपकिरी झाला होता. लेबलवर दोन सालं होती, द्राक्षं तोडली ते आणि बाटलीत भरलं ते. आजोबांनी मला दोन्हींवर बोट ठेवून दाखवलं. मुलगी व्हँकुव्हरला असते, एप्रिलमध्ये पन्नास वर्षांची होणार, तेव्हा येईल आणि दोघं मिळून उघडतील, असं ठरलं होतं. तोवर तुमच्या बेसमेंटमध्ये ठेवा म्हणाले, उभी, आडवी नको. जाता जाता आणखी एक सांगितलं. पहिली काही वर्षं त्यांनी ती अजाणता फर्नेसच्या बाजूला ठेवली होती. आत बिघडली असेल तर ते मुलीसमोरच कळणार, आणि ही धास्ती त्यांना कितीतरी वर्षं होती.

मी दार लावून वळले तर मागे सासूबाई. काय आहे ते, त्यांनी विचारलं. मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, आजोबांचं द्राक्षांचं औषध आहे, आपल्या आसवासारखं. इतकं चपखल खोटं सुचल्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

पुढच्या तीन आठवड्यांत सासूबाईंचा खोकला गेला. झोप लागायला लागली. सकाळी पोळ्या लाटताना गुणगुणायला लागल्या. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, त्यांच्या खोलीत हवा दमट करायला लावलेल्या ह्युमिडिफायरचा गुण आला.

मुलगी शुक्रवारी येणार, असं आजोबांनी सोमवारी कुंपणावरून सांगितलं. मी बाटली पुसून ठेवावी म्हणून खाली गेले. फळीवर तांदळाच्या गोणीशेजारी बाटलीच्या आकाराची स्वच्छ जागा होती आणि भोवती धूळ. बाटली वर स्वयंपाकघरात मिळाली, सासूबाईंच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी. तिला साधं हातानं उपसायचं बूच होतं, त्यामुळे उघडायला काहीच अडचण आली नव्हती. गळ्यावर औषधाचं मोजायचं झाकण उपडं घातलेलं. निम्मी उरली होती.

सासूबाईंनी चोरून काही केलं नव्हतं, त्यांनी मला विचारलं होतं. आजोबांच्या औषधातलं थोडं घेऊ का, नागपूरहून मी त्यांना दुसरी बाटली पाठवेन, असं. मी तेव्हा मीटिंगमध्ये, कानांत हेडफोन, आणि मी मान हलवली होती. मीटिंगमध्ये असताना मी त्यांच्या सगळ्याच प्रश्नांना मान हलवते.

नवरा म्हणाला, "टेक्निकली तुझीच चूक आहे." मग दिवसभर मी त्याच्याशी बोलले नाही.

मंगळवारी ऑफिसला दांडी मारून दारूच्या दुकानात गेले. त्या सालची बाटली मिळण्याचा प्रश्नच नव्हता, काउंटरवरच्या बाईंनी ते फार हळुवारपणे सांगितलं. उघडून तीन आठवडे झालेत म्हटल्यावर मात्र त्यांनी उलट मलाच धीर दिला. लवकर बाटलीत भरून तिथेच मुरवलेली पोर्ट एकदा उघडली की दोन-तीन दिवसांत उतरते. ही पिंपात वर्षानुवर्षं हवा घेत बसलेली, हिला हवेचं काही नवल नाही. गार जागी असेल तर महिनाभरही टिकेल. मला त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले. पण अर्धी टिकली म्हणून गेलेली अर्धी परत येत नव्हती, आणि सांगायला तर जायलाच हवं होतं.

आजोबा गराजमध्ये ओलं सामान वाळवत होते. मी बाटली पुढे धरली आणि सगळं एका दमात सांगितलं, जेवणानंतरचे दोन चमचे आणि खोटं बोलले त्यासकट. त्यांनी बाटली घेतली नाही. हात पुसले, घरात गेले, एक छोटा ग्लास घेऊन आले आणि मग त्यात बोटभर ओतली. किती तरी वेळ नुसता वास घेत राहिले. मग त्यांनी एक घोट घेतला आणि उलट्या बादलीवर बसले.

"जिवंत आहे," ते म्हणाले.

दोनदा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही आलं, कारण मी शिव्यांची तयारी करून आले होते. इतकी वर्षं ज्याची भीती होती ते खरं नव्हतं, हे त्यांना माझ्या घोळामुळे कळलं होतं. अर्धी बाटली दोघांना पुष्कळ झाली, म्हणाले. मग त्यांनी विचारलं की तुझ्या सासूबाईंना ती कशी लागली.

मला वाटलं होतं तेवढ्यावर सुटेन. पण ते उठून आमच्याच घराकडे चालायला लागले होते.

सासूबाई ओट्याशी होत्या. मी आजोबांचा प्रश्न मराठीत सांगितला. त्यांनी पदराला हात पुसला आणि गंभीरपणे उत्तर दिलं, वैद्याला द्यावं तसं. आधी मनुका लागतात. मग भाजलेला अक्रोड. गिळल्यावर संत्र्याच्या वाळल्या सालीचा वास बराच वेळ घशात राहतो. आमच्या आसवापेक्षा गोड आहे, पण कडवट शेवट चांगला आहे. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेले, तसे आजोबा मान डोलवत गेले. मुलीला हेच सांगेन, म्हणाले, आणि बाटली घेऊन गेले.

मग आम्ही दोघीच उरलो. मी सांगून टाकलं. ते औषध नाही, वाइन आहे, मी खोटं बोलले.

सासूबाई ओट्याकडे वळल्या. कढईतली भाजी परतली, गॅस बारीक केला.

"आसवातही थोडी असतेच. वैद्यांनी सांगितलंय मला," त्या म्हणाल्या. "आणि गराजमधले डबेही मी बघितलेत. तुम्हाला वाटतं तेवढी मी आंधळी नाही. पण माझी इतकी भीती वाटते तुला?"

वाटत होती, हे खरं होतं. मी हो म्हटलं. चौदा वर्षांत त्यांना दिलेलं ते बहुधा पहिलं सरळ उत्तर.

रविवारी सकाळी आजोबा आणि त्यांची मुलगी दारात आले. मुलगी उंच, वडिलांसारखंच तुटक बोलणारी. तिनं सासूबाईंच्या हातात एक छोटी बरणी दिली. तळाशी चार-पाच चमचे तपकिरी उरलेलं, आणि वर चिकटपट्टीवर आजोबांच्या अक्षरात लिहिलेलं, जेवणानंतर दोन चमचे. सासूबाईंनी मला ते वाचून दाखवायला लावलं आणि हसल्या. आता त्या ती घेणार नाहीत, हे मी धरून चालले होते. माहीत नसताना घेतलं ते वेगळं.

दुपारी जेवणं झाली. नवरा झाकपाक करत होता. सासूबाईंनी बरणी काढली, मोजायचं झाकण काढलं, दोन चमचे ओतले, तेवढंच पाणी घातलं. मग ते माझ्यासमोर धरलं.

"तू घे. आठवडाभर झोपलेली नाहीस."

मी घेतलं. मनुका होत्या, अक्रोड होते. मी ते संपवेपर्यंत त्या समोर उभ्या होत्या, आणि कुणीही बोलत नव्हतं.