बहुमताने पुसलेली रेघ

मी जो काही आहे तो विक्रोळीच्या मावशीमुळे. तालुक्याच्या शाळेतून आलेल्या मला तिने चाळीतल्या एका खोलीत ठेवून घेतलं आणि घराण्यातला पहिला पदवीधर केलं. यंदा न्यूमोनियाने तिची फुप्फुसं अधू झाली. शनिवारी तिला दवाखान्यातून घरी आणायचं काम माझं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, तिच्याजवळ साधा खोकलासुद्धा नको.

शुक्रवारी चारकोपच्या कारखान्यात मला कणकण वाटू लागली. साहेबांनी कपाटातून कोविडचं रॅपिड किट काढलं. पंधरा मिनिटांनी 'सी'पाशी ठसठशीत रेघ आली आणि 'टी'पाशी अगदी फिकट.

संध्याकाळी माल रवाना व्हायचा होता. त्यामुळे साहेबांनी चौघांना बोलावलं. आमच्याकडे लोकशाही आहे.

"कुठाय रेघ? सावली आहे ती."

"असली तरी केवढीशी! थोडासाच पॉझिटिव्ह आहेस रे तू."

"मला दिसतेय," पॅकिंगच्या बाई म्हणाल्या.

"बाई, चष्मा लावा आधी."

"बिनचष्म्याची दिसतेय, म्हणून तर सांगते!"

तीन विरुद्ध एक. रेघ रद्द झाली. किटसोबतच्या कागदावर छापलं होतं, रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्हच धरावी. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"फार शिकलास बाबा," साहेब म्हणाले. माझ्या पदवीचा एवढा जाहीर सत्कार यापूर्वी झाला नव्हता.

मग साहेबांनी स्वहस्ते दुसरी टेस्ट केली. काडी नाकपुडीच्या उंबऱ्याला नमस्कार करून परत आली. अर्थातच एक रेघ. टाळ्या!

खरं सांगतो, ती एकच रेघ मलाही हवी होती. तिच्या जोरावर उद्या बिनधास्त दवाखान्यात जाता आलं असतं. पण आमच्या सभेत मावशीच्या फुप्फुसांना मत नव्हतं.

साहेबांचा राग पत्करून, मास्क लावून मी दहिसरला घरी आलो. मावसबहिणीला म्हटलं, उद्या तूच जा. फोनवर मावशी मला बोलूच देत नाही, म्हणून चिठ्ठी लिहिली आणि तिचा फोटो बहिणीला पाठवला, वाचून दाखवायला:

मावशी, पाया पडतो.

उद्या ताई येईल, मी नाही. मला ताप आहे. दोन टेस्ट झाल्या. एक म्हणते कोविड आहे, दुसरी म्हणते नाही. दुसरी माझ्या सोयीची आहे, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवत नाही. बरा झाल्याशिवाय तुझ्या दारात येणार नाही. तू चिडशील. फोन करून हव्या तेवढ्या शिव्या दे, सगळ्या ऐकून घेईन. दम लागला तर थांब, उरलेल्या दुसऱ्या दिवशी दे.