खर्ड्याच्या माळावरचा चंडोल

माझा थोरला भाऊ खर्ड्याच्या शाळेत मास्तर होता आणि मी त्याचं घर सांभाळत असे. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. किल्ल्यापलीकडच्या माळावर दादाला एक चंडोल दिसला होता. इतर चंडोल गात गात आभाळात चढतात. हा दगडावर बसूनच गायचा. रंगही जरा विटकरी. ही जात वेगळी आहे असं दादाला ठाम वाटे. त्यानं मुंबईच्या एका पक्षितज्ज्ञांना कळवलं.

ते आले ते बंदूक घेऊनच.

"गाण्यावरून जात ठरत नाही, मास्तर. पक्षी हातात हवा."

"घरट्यात पिलं आहेत. ती उडेपर्यंत तरी थांबा," दादा म्हणाला.

"तेवढी रजा नाही मला."

त्यांनी नर पाडला. मग चोचीत किडा घेऊन आलेली मादीही पाडली. आमच्याच ओसरीवर बसून पंख मोजले, पोटात कापूस भरला, पायाला चिठ्ठी बांधली. मी त्यांना चहा दिला. दादानं पिलांना नाकतोडे भरवून पाहिले. ती जगली नाहीत.

पुढे मुंबईहून निकाल कळला: जात नवी, फार दुर्मिळ, तिचा माळ राखला पाहिजे. राखायचा कोणी, ते मात्र कोणी सांगितलं नाही. दादा जामखेडला मामलेदारांकडे गेला, तेव्हा समजलं की धान्याची टंचाई म्हणून माळ नांगरायला देऊनही झाला आहे. ज्याला दिला त्या शेतकऱ्याच्या दारात दादा जाऊन बसला. माणूस भला होता.

"मास्तर, तुमचं पाखरू गवतावर जगतंय. आमी कशावर जगायचं?"

निदान खडकाळ कड तरी सोडा, म्हणून दादानं विनवलं. पहिल्या वर्षी शेतकऱ्यानं ती सोडली. दुसऱ्या वर्षी तीही ज्वारीखाली गेली.

स्वातंत्र्य मिळाल्यावर तज्ज्ञ पुन्हा आले, या खेपेला दुर्बीण घेऊन. एखादी जोडी उरली आहे का, ते त्यांना पाहायचं होतं.

"तुम्ही लक्ष ठेवायला हवं होतं, मास्तर," ते म्हणाले.

दादानं त्यांना शेताची वाट दाखवली आणि तो शाळेत निघून गेला. ते दिवसभर उन्हात फिरले आणि तोंड पाडून परतले. मला त्यांची कीव आली नाही. पाणीसुद्धा मी त्यांनी मागितल्यावरच दिलं.

त्यानंतर वर्गात पक्ष्यांचा धडा आला, की दादा मुलांना तो आपापला वाचायला सांगायचा.