न वाजलेला बार

सकाळी फोनवर कमलचं नाव दिसलं तेव्हाच मला काय ते कळलं. कमलचा फोन यायचा तो दिवेलागणीला. सकाळी आला म्हणजे तो तिनं केलेला नव्हता. पलीकडून तिचा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा, ज्याला तिनंच वाढवलं, तो म्हणाला, "मावशी, आत्या पहाटं गेली... झोपंतच." आता महिना होऊन गेला, आणि मी अजून दिवेलागणीला घाबरते.

आम्ही दोघी धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, एकदमच पोलिसात भरती झालो. बहात्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती. कमल सोनारीकडची, बौद्ध घरातली, बापाविना वाढलेली. मी तुळजापूरची, पुजाऱ्याच्या घरातली, आणि देवळापुढं कुणी नारळ फोडला तरी दचकणारी. अशी मुलगी पोलिसात काय करणार, असं घरचे म्हणायचे, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. जिल्ह्याच्या पिस्तूल स्पर्धेसाठी बायकांचा संघ निघाला. आम्ही मोजक्याच असल्यामुळं त्यात माझीही वर्णी लागली. चाप दाबायच्या आधीच माझे डोळे मिटायचे, मनगट खाली जायचं आणि गोळी मातीत. नेमबाजी शिकवणाऱ्या हवालदारांना आम्ही उस्ताद म्हणायचो. ते म्हणायचे, "बाई, डोळे झाकून कुणाला मारायलाव?"

चाप कसा दाबायचा हे मला कमलनं पाण्यावरून शिकवलं. दुष्काळात ती आणि तिची आई कोरड्या नदीच्या वाळूत झिरा, म्हणजे पाझराचा खड्डा, उकरून वाटीनं घागर भरायच्या. "वाटीला हिसका दिला की गाळ वर येतो, मग प्या चिखल. पाणी आपणहून वाटीत यावं, इतकं हळू दाबायचं. चाप बी तसाच. कवा सुटंल ते तुला बी कळाया नगं." रिकाम्या पिस्तुलावर मी तसं करत राहिले आणि बोट हळूहळू शहाणं झालं. भीती मात्र गेली नाही. ती मनगटातून निघून पोटात जाऊन बसली.

मग उस्तादांनी नवी खोडी काढली. खऱ्या काडतुसांत एखादं डमी, म्हणजे बिनदारूचं, मिसळून द्यायचे. नुसतं खट्ट झालं आणि नळी हलली की भित्रा सापडला. मी सापडलेच, त्यात नवल नव्हतं. धक्का बसला तो कमलचा. खऱ्या गोळीला तिचा हात जराही हलायचा नाही. पण खट्ट झालं, गोळी सुटली नाही, आणि ती पांढरीफटक पडली. खांद्यापासून हात थरथरायला लागला. "असं व्हायलंय तर हातात पिस्तूल द्यायचं कसं?" उस्ताद म्हणाले. संघातलं नाव तर जाणारच होतं, नोकरीवरही गदा आली असती, आणि त्या नोकरीवर घरी आई आणि धाकटा भाऊ होते.

त्या दुपारी बाभळीखाली बसून तिनं सांगितलं. दुष्काळात गावच्या सोसायटीनं विहीर खोल करायला घेतली होती. तिचा बाप, ज्याला ती दादा म्हणायची, सुरुंग लावायचा. "तीन बार भरले व्हते. दोन वाजले. तिसरा न्हाय वाजला. समदे गप... दादानं मुंडासं माझ्या हातात दिलं, म्हणला, बघून येतो." मुंडासं तेवढं तिच्या हातात राहिलं. मला वाजण्याची भीती होती, तिला न वाजण्याची. खरं सांगते, त्या दिवसापासून तिची भीती मलाही लागली.

मी एक करू लागले. सरावाला तिच्या मागं उभी राहायची आणि डमीचं खट्ट झालं की हळूच म्हणायची, "वाजलं."

पहिल्यांदा ती चिडली. "न वाजता वाजलं कसं म्हणायलीस?"

"म्हणायला काय जातंय?" मी म्हटलं. उस्तादांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिचा हात थोडा थोडा थांबायला लागला.

स्पर्धेच्या दिवशी मागून बोलायला बंदी. तिच्या गोळ्या चांगल्या बसत होत्या, आणि मधेच एका खऱ्याच काडतुसानं दगा दिला. खट्ट... आणि सगळीकडं शांतता. अशा वेळी नळी निशाणाकडंच धरून थांबायचं असतं, कारण गोळी उशिरानंही सुटू शकते. वाकून बघायला जायचं नसतं. मी तोंडात मूठ कोंबून उभी होते. तिचा हात हलला नाही. मान हलली नाही. फक्त ओठ हलले. मग पंचांनी खूण केली, काडतूस बदललं, आणि तिनं उरलेल्या गोळ्या मारल्या. तिचा तिसरा नंबर आला. परतताना एसटीत खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "दादाला बी कुणीतरी थांब म्हणाया पायजे व्हतं गं."

निवृत्तीनंतर ती सोनारीला गेली, मी इथंच धाराशिवला राहिले. तिच्या छातीत दुखायला लागलं तेव्हापासून मी उठसूट फोन करून तिचं डोकं खायची. शेवटी वैतागून तीच दिवेलागणीला फोन करू लागली. मी उचलला की म्हणायची, "वाजलं," आणि ठेवून द्यायची. आज आहे, एवढाच त्याचा अर्थ.

परवा गल्लीत लग्नाचे फटाके उडाले. शेजारीण दचकली, मी भाजी निवडत राहिले. आवाजाचं मला आता काही वाटत नाही. पण दिवे लागले की मी फोन समोर घेऊन बसते आणि तो वाजत नाही. उठावं, सोनारीची गाडी धरावी, बघून यावं, असं वाटतं... मग मी तशीच थांबते. पुरता अंधार पडला की माझी मीच हळूच म्हणते, "वाजलं."