तळ्यापुरते मामा

पतंगाची दोरी मी कमरेला बांधली होती, आणि गाठ पक्की मारली होती.

ही एक चूक सोडली तर बाकीची योजना बरी होती, असं मी आजही म्हणतो. परभणीला शेतकी शिकत होतो. तिथल्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात फोटो पाहिला : परदेशातला कुणी गोरा फळीवर उभा राहून शिडाच्या जोरावर समुद्र कापत चाललेला. आमच्याकडे समुद्र नव्हता, पण पेडगावच्या पुढं आमच्या गावाचं तळं होतं. शीड नव्हतं, पण युरियाची पोती होती. पोती उसवून, बांबूच्या कामट्या लावून मी खाटेएवढा पतंग केला. गोठ्याचं मोडकं दार फळी म्हणून घेतलं. श्रावणातल्या एका दुपारी दारावर उभा राहिलो, आणि माझा चुलतभाऊ बाळू यानं पतंग वाऱ्यावर सोडला. बैलाचा कासरा हाताला गुंडाळू नये, हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. मी मात्र बैलापेक्षा दांडगं जनावर स्वतःच्या कमरेला बांधून, दोन्ही हात मोकळे ठेवून, ऐटीत उभा होतो.

ऐट वीसेक हात टिकली. मग दार एकीकडे गेलं, मी एकीकडे, आणि पतंग मला पोटावर फरफटत तळ्याच्या मध्याकडे घेऊन निघाला. मला पोहता येत होतं, म्हणजे विहिरीत येत होतं. विहिरीत चार हात मारले की भिंत लागते. इथं भिंत लागेना. ओली गाठ सुटेना. मी बोंबललो. असा बोंबललो, की पलीकडच्या काठावर ज्वारी खुरपणाऱ्या बायका कामं टाकून उभ्या राहिल्या.

तळ्याच्या भिंतीवरून एक माणूस ट्रकच्या चाकाची काळी ट्यूब खांद्याला अडकवून, बिलकुल न पळता, चालत खाली आला. वाकून मूठभर माती उचलली, हवेत सोडली, ती कुठं जाते ते पाहिलं आणि मगच पाण्यात उतरला. मी मरत होतो आणि हा माणूस मातीशी खेळत होता! नंतर कळलं, की वारा मला कुठं नेणार हे बघून तो माझ्यामागं न येता माझ्या पुढं येऊन थांबला होता. जवळ येताच कमरेचा विळा काढून त्यानं दोरी तोडली. पतंग मोकळा होऊन ज्वारीत जाऊन पडला. माझ्या हातात ट्यूब देत तो म्हणाला, "अरं येड्या, गळ्याला मिठी मारू नको. ह्याला मार."

मी गावाकडं हात मारायला लागलो. घर तिकडं होतं.

"घर तिकडं हाय, वारं हिकडं हाय," तो म्हणाला. "वाऱ्यासंगं भांडून कोण घरी गेलंय? गप तरंग. पल्याड लागू, मग चालत जाऊ."

तसंच केलं. वाटेत त्यानं तरंगणारं दार गाठलं, तुटलेली दोरी हातावर गुंडाळून घेतली, म्हणजे पायात यायची नाही. पलीकडच्या काठाला लागलो. तिथून ओल्या चड्डीवर तीन मैल वळसा घालून, त्याच खुरपणाऱ्या बायकांसमोरून, मी घरी गेलो. काठावर पाय टेकेपर्यंत मला 'अरं येड्या' म्हणणारा माणूस, पाय टेकताच म्हणाला, "मालक, चप्पल त्या बाजूला राहिली का?"

हे किसनमामा. पाटबंधाऱ्याच्या खात्यात तळ्यावरचे चौकीदार. पाण्याची पातळी वहीत लिहायची, गेट उघडायचं, लावायचं. अकरा वर्षं रोजंदारीवर होते आणि कायम होण्याच्या हुकमाची वाट पाहत होते. "हुकूम निघालाय म्हणं, वाटंत हाय," असं ते इतक्या वेळा सांगायचे, की तो हुकूम बैलगाडीनं येत असावा असं मला वाटायचं. घर आमच्याच गावात, पण वस्तीच्या टोकाला, छप्पन साली बौद्ध झालेल्यांच्या गल्लीत.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर नंतर धीर व्हायचा नाही. त्यांना मी मामा म्हणायचो ते फक्त तळ्यावर. तळ्याच्या वाटेवर एक बाभळ होती. तिच्या अलीकडं गाव. गावात माझे वडील, चुलते, बाळू, सगळे त्यांना किसन्या म्हणायचे, आणि मीही म्हणायचो. ते माझ्या वडिलांपेक्षा थोरले होते. जीव वाचवल्यावर आठ दिवसांनी मी चौकात त्यांना हाक मारली, "ए किसन्या, पतंगाची दोरी कुठं ठेवलीस रे?" त्यांनी नीट सांगितलं कुठं ठेवली ते. दुसऱ्या दिवशी तळ्यावर मी म्हटलं, "मामा, राग आला का?"

"राग कशाचा?" मामा पातळी लिहीत म्हणाले. "बाभळीपस्तोर किसन्या, बाभळीच्या पुढं मामा. तुमाला सोयीचं हाय, मला सवयीचं हाय."

हे मला त्या वेळी थट्टेत घेता आलं. माझी ती हातोटीच आहे.

त्या पावसाळ्यानंतर मी त्यांचा शागीर्द झालो. पतंग पुन्हा केला, पण या वेळी मामांच्या नियमानं. पहिला नियम मातीचा. "वारं तुमाला घरी आणायलंय का घरातून काढायलंय, ते आधी बघायचं. काढायलंय तर पाण्यात पाय घालायचा न्हाई." दुसरा गाठीचा. अंगाला बांधायचं ते एका हिसक्यात सुटेल असंच बांधायचं. ती गाठ त्यांनी माझ्याकडून डोळे मिटून, उलटं पडून, पाण्याखाली, शंभरदा तरी सोडवून घेतली. तिसरा फळीचा. पतंग गेला तर जाऊ द्यावा, फळी जाऊ देऊ नये. पतंग मिरवतो, फळी तारते. चौथा नियम त्यांना सगळ्यात महत्त्वाचा वाटायचा. "एक हात वर करायचा आन् बोंबलायचं. शिकलेली मान्सं गपचूप बुडत्यात, लाजंपायी. लाज काठावर कपड्यासंगं काढून ठिवायची."

"यात मी आधीपासूनच पास आहे," मी म्हणायचो.

"ते खरंय," मामा म्हणायचे. "तुमचा आवाज ज्वारीतल्या बाया अजून काढून दाखवत्यात."

ते पोहायला कुठं शिकले हे मी एकदा विचारलं. गावात पायऱ्यांची बारव होती, आम्ही सगळे तिथंच शिकलो. मामा हसले. "बारवंत आमाला कोण उतरू देतंय? आमी खदानीत शिकलो. खदानीला पायऱ्या नसत्यात, काठ नसतो, धरायला मूळ नसतंय. तितं शिकलेला कुठूनबी निघतो." मग म्हणाले, "बारवंत उतरलो मी, एकडाव. तुमच्याच भावकीतली एक बाई पडली होती. कुणाला बुडी मारता येईना, म्हणून मला बोलावलं. काढली. दुसऱ्या दिशी सगळी बारव उपसून काढली गावानं. मढ्यामुळं उपसली का माज्यामुळं, ते कुणी सांगितलं न्हाई."

उपसायला मोटार आमची होती. मी शाळेत होतो तेव्हा, पाइप धरायला उभा होतो. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ठाऊक असणारच.

शिक्षण संपलं, मला परभणीत नोकरी लागली. सुटीला गावी आलो की तळ्यावर जायचो. ती नामांतराची वर्षं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून गावागावांत माणसं एकमेकांकडे बघायची बंद झाली होती. ज्यांनी विद्यापीठाचं दारही पाहिलं नव्हतं, ते आमच्या पारावर विद्यापीठाच्या अब्रूची काळजी करत बसायचे. अशात परभणीला नामांतराच्या बाजूनं मोर्चा निघाला आणि मामा त्यात गेले. संध्याकाळची एसटी त्यांना घेऊन यायच्या आत बातमी गावात आली होती. दुसऱ्या दिवसापासून गिरणीनं त्यांचं दळण घेतलं नाही. "पट्टा तुटलाय," गिरणीवाला म्हणायचा, आणि आतून गिरणीचा आवाज येत असायचा.

त्याच आठवड्यात मी गावी आलो होतो. दुपारी तळ्याकडं निघालो, तर भिंतीजवळ चौकीच्या खुंटीला टांगलेली ट्यूब बाळू चाकूनं कापत होता. चाकू माझा होता, कामट्या तासायचा. मामा गेटाकडं गेले होते.

"आता बघू जयभीमवाला कसा तरंगतो ते," बाळू म्हणाला.

मी हसलो. मला हसू आलं नव्हतं, पण मी हसलो. आमच्या घरात हसणं हे सगळ्यात बिनधोक काम होतं.

मामांनी ऑफिसात नव्या ट्यूबसाठी अर्ज दिला. ट्यूबसुद्धा वाटेत होती. ती यायच्या आत, तिसऱ्या दिवशी, आमच्या पाटलांचे जावई जेवण करून तळ्यात उतरले. मानवतला कापसाच्या अडतीवर बसणारा दांडगा गडी. वारा तळ्यात नेणारा होता. मामा भिंतीवरून ओरडले, "उतरू नका!" जावई कुणाचं ऐकतात? मध्यावर दम तुटला. मामा उतरले, ट्यूबशिवाय. द्यायला हातात काही नव्हतं, म्हणून जावयानं त्यांच्या गळ्याला मिठी मारली. दोघंही दोनदा खाली गेले. मामांनी त्याला काठावर आणला खरा, पण आणला तेव्हा उशीर झाला होता.

चार दिवसांनी चौकशीला खात्याचे साहेब आले. चावडीत बैठक. पाटील, माझे चुलते, बाळू, मी, सगळे सतरंजीवर. मामा दाराबाहेर, उन्हात उभे. पाटलांचं म्हणणं एकच, की चौकीदार असून माणूस मेला कसा? मोर्चाला जायला वेळ असतो, पाण्यात उतरायला नसतो.

"उतरलो होतो साहेब," मामा म्हणाले. "ट्यूब न्हवती. तीन दिस आधी कुणीतरी कापली."

"कोणी कापली?"

मामांनी बाळूकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. त्या दुपारी गेटावरून परतताना त्यांनी मला तिथून जाताना पाहिलं होतं, आणि बाळू माझ्या पुढं चालत होता. त्यांना ठाऊक होतं, की मला ठाऊक आहे. बाळूचं नाव त्यांनी घेतलं असतं तर संध्याकाळी त्यांची गल्ली शाबूत राहिली नसती. मी घेतलं असतं तर फार तर घरात दोन महिने अबोला. हा हिशेब मला तिथं बसल्या बसल्या लख्ख कळला होता. शिकलेला होतो.

मी खोकलो. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काही सांगायचंय का?"

"नाही," मी म्हटलं. "धूळ गेली घशात."

साहेबांनी लिहून घेतलं, कामात कसूर. इतकी वर्षं वाटेत असलेला कायमचा हुकूम आला नाही. कमी केल्याचा हुकूम मात्र पंधरा दिवसांत आला. तो बैलगाडीनं आला नव्हता.

मी तळ्यावर गेलो. बाभळीच्या पुढं गेल्यावर हाक मारली, "मामा."

ते पातळीची वही फडक्यात बांधत होते. "किसन्याच म्हणा मालक," ते म्हणाले. "सवय मोडली की पुना जमत न्हाई." बोलणं रागाचं नव्हतं. गाठीचा धडा देताना बोलायचे तसंच होतं. भिंतीवर पतंगाची दोरी नीट वेटोळं करून ठेवली होती. तिच्याकडं बोट करून म्हणाले, "तुमची दोरी." मग बायको आणि मुलीला घेऊन ते परभणीला गेले. स्टेशनाजवळ कुठल्याशा वखारीत लाकडं फोडतात, असं कुणीतरी सांगितलं. मीही परभणीतच होतो. स्टेशनाकडं जायचं काम पडलं की मी रिक्षा दुसऱ्या रस्त्यानं न्यायला सांगायचो. असं किती वर्षं, ते मोजलं नाही.

मग चौऱ्याण्णव साली संक्रांतीलाच विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. आकाश पतंगांनी भरलं होतं आणि रस्त्यावर निळे झेंडे, गुलाल, ढोल. मला एकदम फार बरं वाटलं. आता सगळं मिटलं, आता जाता येईल, असं वाटलं. स्वतःला माफ करायला मुहूर्त शोधणारी आमची जात. मी तिळगुळाची पुडी घेतली आणि विचारत विचारत त्यांचं घर शोधलं.

दार मुलीनं उघडलं. ती आता शाळेत शिक्षिका होती. माझं नाव सांगायची गरज पडली नाही. भिंतीवर मामांचा फोटो होता, हार घातलेला. आदल्या पावसाळ्यात गेले, ती म्हणाली. छातीनं. पाण्यानं नव्हे.

मी पुडी पुढं केली आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

तिनं पुडी घेतली, फोटोसमोर ठेवली.

"बाबा तुमची गोष्ट हसून सांगायचे," ती म्हणाली. "बुडताना तुमचा आवाज पार पल्याडच्या ज्वारीत गेला होता म्हणे. चावडीतून मात्र दाराबाहेर नुसता खोकला आला."