बाईंनी मागे घेतलेला लेख

चहा पिऊन झाला की बाई पेला पालथा घालायच्या. दूध डेअरीच्या फाटकाजवळ बुटकी भिंत आहे, तिच्यावर. प्रयोगशाळेत नळ्या धुऊन अशाच पालथ्या घालतात म्हणे, तोच हात इथंही चालायचा. मी म्हणायचो, "बाई, घरच्या कपबशापण अशाच घालता का?" त्या म्हणायच्या, "मामा, सवय हाय. तुमी नाही का मशीन बंद करून पुन्हा बटन दाबून बघता."

त्या दिवशीपण तसंच झालं. चहा झाला, पेला पालथा पडला. "उद्या येते. परत एकदा करून बघू," म्हणल्या आणि स्कूटीवर बसून धारूरच्या रस्त्याला लागल्या. ते शेवटचं. मला काय माहीत ते शेवटचं.

तुम्ही पण अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना एकदा केलेलं पटतच नाही. बाई तशा होत्या. मी चौथी नापास माणूस. डेअरीत दूध थंड करायचं मशीन बघायचो. बाई अंबाजोगाईला शिकवायच्या आणि झाडाच्या आतलं काहीतरी बघायच्या. माझ्यासारख्याला त्यांनी सांगितलं ते असं: प्रत्येक झाडाच्या पानात एक धागा असतो, त्यात त्या झाडाचं सगळं खानदान असतं. मी हसलो. मग त्यांनी माझ्यासमोर नळीत पानाचा रस घेतला, वरून गार औषध सोडलं, आणि पाण्यात म्हातारीच्या कापसासारखं काहीतरी तरंगायला लागलं. मी हसायचं थांबलो.

आमची ओळख झाली दुष्काळात. चारा नव्हता, जनावरं छावणीत, सोसायटीचं दूध निम्म्यावर आलेलं. शीतघर रिकामंच असायचं. बाई आल्या बर्फाचा डबा घेऊन. म्हणल्या, पानं खराब होतात, अंबाजोगाईला पोचेपर्यंत वाळतात, तुमच्या शीतघरात ठेवू द्याल का? चेअरमननं हो म्हणलं. दुधाच्या क्यानींच्या जागी ज्वारीची पानं बसली. पोरं मला चिडवायची, मामा आता कडबा थंड करायलाय.

त्यांना हवी होती आमच्या घराघरांतली जुनी ज्वारी. पाऊस नसताना शेजारचं रान पिवळं पडतं आणि एखादं रान हिरवं राहतं, ते कावून, हे त्यांना शोधायचं होतं. आमच्याकडं प्रत्येक घरचं बियाणं वेगळं. राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं, गाडग्याचं तोंड शेणानं लिंपायचं आणि ते काम घरच्या बाईनंच करायचं. गडी माणूस त्याला हात लावत नाही. म्हणून बाई दारोदारी फिरल्या त्या बायकांकडं. प्रत्येकीला एकच विचारलं, हे घरचं हाय का? सगळ्या म्हणल्या, घरचं. माझी शेवंता पण म्हणली, सासूच्या हातचं हाय.

पुढं बाईंचा लेख छापून आला, परदेशात. इंग्रजीत होता, पण शेवटी आभार मानताना बियाणं देणाऱ्या बायकांची नावं होती. बाईंनी शेवंताच्या नावावर बोट ठेवून दाखवलं. मी त्या बोटाखालची अक्षरं कितीतरी वेळ बघत बसलो.

लेख छापणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे मला बाईंनीच सांगितलं. दुसऱ्यानं तुमच्या कामाचा आधार घेतला, तर त्यानं आपल्या लेखात तुमचं नाव सांगायचं असतं. जितके जास्त लोक नाव घेतील तितका मान. मी म्हणलं, म्हणजे ज्याच्या विहिरीचं पाणी शेंदलं त्याचं नाव सांगायचं. बाई म्हणल्या, अगदी तसंच. त्यांच्या कॉलेजात लोकांचे लेख ढिगानं होते. बाईंचे मोजकेच. एक लेख लिहायला दुसऱ्याला एक हंगाम लागायचा, बाईंना चार. परत एकदा, परत एकदा. पण आमच्या ज्वारीचा लेख चालला. आफ्रिकेतल्या कुणीतरी नाव घेतलं. मला नवल वाटलं, तिकडंबी ज्वारी पिकती व्हय? बाई म्हणल्या, ज्वारी तिकडचीच हाय मामा, आपल्याकडं ती पाहुणी.

कुणी नवीन नाव घेतलं की बाई फाटकातूनच सांगायच्या, "मामा, आणखी एकानं घेतलं." मी घरी जाऊन शेवंताला सांगायचो. ती काही आनंदली नाही कधी. "कशाला उगी," म्हणायची आणि चुलीतलं लाकूड पुढं सारायची. मला वाटायचं, लाजती. ती गेल्यावर मी तिच्या फोटोला सांगायला लागलो. एवढ्या लांब कुणीतरी माझ्या बायकोचं नाव असलेला कागद उघडतंय, हाच माझा आधार होता. दुसरं होतं काय.

आता त्या शेवटच्या चहाचं सांगतो.

बाईंनी पहिला घोट घेतला आणि म्हणल्या, "मामा, मी तो लेख मागं घेतला."

मला समजलं नाही. "मागं म्हंजे?"

"चुकलाय म्हणून छापणाऱ्यांना कळवलं. ते आता त्याच्यावर तसं छापतील."

नवीन मशीन आलं होतं, तर बाईंनी जुन्या नळ्या परत काढल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. नव्या मशीनवर बघितलं तर बहुतेक घरांची ज्वारी एकच निघाली. आणि ती होती सोसायटीनं दुष्काळात वाटलेली. पोत्यातली. त्यांच्या लेखाचा पायाच गेला. कॉलेजातले साहेब म्हणले, कुणाला कळणार हाय, गप बसा, बढतीचं वर्ष हाय. बाईंनी त्याच आठवड्यात पत्र धाडलं.

मी विचारलं, "आमचं?"

बाई पेल्यात बघत बसल्या. "तुमचंपण, मामा."

"तुमचं मशीन खोटं बोलतंय. शेवंता नाही बोलायची."

"मी तीनदा केलं."

"माझी बायको खोटी व्हय?"

"नाही," बाई म्हणल्या. "दारात आलेल्या पाहुणीला कोणती बाई सांगंल, की बियाणं दळलं म्हणून? माझा प्रश्नच चुकला, मामा. त्यांचं उत्तर नाही चुकलं."

माझ्या हातातला चहा गार झाला. आमच्याकडं बियाणं दळून खाणं ही गोष्ट तोंडातून काढत नाहीत. उपाशी राहतील, जनावर विकतील, पण गाडगं फोडणार नाहीत. आणि मला ते साल आठवलं. घरात दाणा नव्हता, पोरं आजारी, आणि एका सकाळी तव्यावर भाकरी होती. मी विचारलं, जवारी कुठून आणलीस? म्हणली, माहेराहून. मी पोटभर खाल्ली. पोरांनी पण खाल्ली. आणि गाडगं तसंच लिंपलेलं आढ्याजवळ, सोसायटीचं भरून.

एवढी वर्षं ती माझं बोलणं ऐकून लाकूड पुढं सारत होती.

बाई म्हणल्या, "तुमच्या घरी गाडग्यात काही उरलंय का? एक मूठ द्या. परत एकदा करून बघू." मी हो म्हणून नुसती मान हलवली. त्यांनी पेला पालथा घातला आणि गेल्या.

संध्याकाळी धारूरहून, बाईंच्या घरून फोन आला. बाई घरी जाऊन खुर्चीत बसल्या होत्या, तशाच गेल्या. छातीत कळ आली म्हणे. मी फोन धरून उभाच राहिलो. सांगणारा पुढं बोलत होता. मला फक्त एवढंच कळत होतं, की बाई म्हणल्या होत्या, उद्या येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध घालायच्या वेळेला, चेअरमननं सगळ्यांना आवारात थांबवलं. दोन मिनिटं उभं राहायचं आणि मग जीपनं धारूरला मातीला जायचं, असं ठरलं. चेअरमन चांगला माणूस. डोळे पुसत बोलला, की बाईंनी आपल्या गावच्या ज्वारीचं नाव जगात नेलं, अजूनही लोक त्या लेखाचं नाव घेतात. मग म्हणला, आपण फाटकावर पाटी लावू. बाईंचं नाव वर आणि घरचं बियाणं देणाऱ्या आपल्या माउल्यांची नावं खाली. त्यानं नावं वाचायला घेतली. शेवंताचं पहिलंच होतं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. काही बायका मात्र आपल्या क्यानीकडं बघत होत्या.

मी हात वर केला. म्हणलं, "थांबा. तो लेख बाईनं मागं घेतलाय. स्वतः. त्यात चूक हाय."

चेअरमन म्हणला, "मामा, आज नको असलं."

"आजच सांगतो. आमच्या घरचं बियाणं घरचं नव्हतं. सोसायटीचं होतं. घरचं शेवंतानं दळलं आणि आमाला खाऊ घातलं. तिनं मलाबी नाही सांगितलं. मला काल बाईनं सांगितलं. शेवंताचं नाव लावू नका तिथं, घरचं बियाणं देणारी म्हणून."

एवढं बोललो आणि मला वाटलं मी माझ्या बायकोला दुसऱ्यांदा खांदा दिला.

मग मागून शेजारची पारूबाई बोलली. तिची क्यानी तिच्या कमरेलाच होती. म्हणली, "आमच्यातलंबी दळलं हुतं, भाऊ. त्याच उन्हाळ्यात. शेवंता आन् मी एकाच जात्यावर दळलं. तीच म्हणली, गड्यांना सांगू नगं, घास जायचा न्हाई."

चेअरमननं हातातल्या कागदाची घडी केली. हळूच विचारलं, "मग पाटीवर काय लिहायचं, मामा?"

"बाईनं चूक कळल्यावर लेख मागं घेतला, एवढं लिवा."

"आणि बायकांचं?" पारूबाई म्हणली.

"ते तुमी सांगा."

तिनं क्यानी पुढं सरकवली. दूध थांबत नाही, नासतं. मी आत जाऊन मशीन चालू केलं. बाहेर भिंतीवर बाईंचा पेला पालथाच होता. चहावाला उचलायला आला, त्याला म्हणलं, राहू दे.